अग्रशाळेच्या नोंदी पुसल्या गेल्या: वीस बाइटचे बॅकअप आणि बायनरी लॉगमधून परत आलेला डेटा

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाची ही घटना आहे. देवस्थान, त्याची समिती आणि तांत्रिक काम पाहणारी मंडळी यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक क्रम जसाच्या तसा ठेवला आहे.

देवस्थानाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायच्या खोल्या, आहे. कुळावी (ज्यांचं हे कुलदैवत आहे ते लोक) गोव्याबाहेर पांगलेले असल्यामुळे खोल्या आणि अभिषेक, लघुरुद्र अशा सेवा संकेतस्थळावरून नोंदवायची सोय समितीने करून घेतली होती. पीएचपीमध्ये लिहिलेलं छोटं अ‍ॅप्लिकेशन, उबंटू २२.०४चा एक भाड्याचा सर्व्हर, त्यावरच मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस. सर्व्हर पणजीतला एक तंत्रज्ञ महिन्याच्या करारावर सांभाळत होता आणि अ‍ॅप्लिकेशनमधले बदल म्हापशातली एक डेव्हलपर करत होती. लहान संस्थांची सगळीकडे साधारण अशीच मांडणी असते.

डेटाबेसमध्ये महत्त्वाची टेबलं तीन. ‘बुकिंग’मध्ये यजमानाचं नाव, पत्ता, फोन, गोत्र, तारखा आणि खोली. ‘सेवा’मध्ये त्या बुकिंगखालच्या सेवांच्या ओळी. ‘भरणा’मध्ये पेमेंट गेटवेचा व्यवहार क्रमांक आणि रक्कम. ‘सेवा’ आणि ‘भरणा’ ही दोन्ही टेबलं ‘बुकिंग’ला फॉरेन कीने (एका टेबलाची ओळ दुसऱ्यातल्या ओळीला बांधणाऱ्या दुव्याने) जोडलेली होती, आणि ती की करताना ‘ऑन डिलीट कॅस्केड’ हा पर्याय निवडला होता. म्हणजे बुकिंगची ओळ गेली की तिच्याखालच्या ओळी आपोआप जातात. पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ या एका निवडीत आहे.

त्याच मायएसक्यूएलमध्ये चाचणीसाठी दुसरा डेटाबेस होता. त्यात खऱ्या डेटाची नावं-फोन झाकलेली प्रत भरत असत. प्रत काढतानाच नावं, पत्ते आणि फोन बदलून टाकायचे आणि मगच फाइल डेव्हलपरच्या हाती द्यायची, असा नियम होता. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला त्याच्या आधीपासून हे देवस्थान हा नियम पाळत होतं, आणि तो चांगलाच आहे.

काय घडलं

माघातली जत्रा तीन आठवड्यांवर आली होती. सोमवारी सकाळी कार्यालय उघडल्यावर कारकुनाने खोल्यांची यादी काढली तर ती जवळजवळ कोरी. त्याने तंत्रज्ञाला फोन लावला: “अहो, जत्रेची एकही खोली दिसत नाही. काल संध्याकाळी पूर्ण भरलेलं होतं. आणि आज पहाटेपासून नवीन लोक त्याच खोल्या घेताहेत, बघा जरा.”

या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न होते. जुन्या नोंदी गेल्या, हा पहिला. दुसरा प्रश्न अधिक तातडीचा: संकेतस्थळ उघडंच होतं आणि भरलेल्या खोल्या मोकळ्या दाखवून नव्याने विकत होतं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. डेव्हलपरकडे चाचणी-डेटाबेस स्वच्छ करून त्यात झाकलेली प्रत भरणारी एक बॅश स्क्रिप्ट होती. आधी चाचणीच्या फोल्डरमध्ये जायचं आणि मग ती हाताने चालवायची, असा तिचा शिरस्ता. डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड स्क्रिप्ट ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमधून घ्यायची, आणि ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आपण उभे आहोत तिथलीच वाचायची. त्या आठवड्यात ही स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकली गेली: दर रविवारी यूटीसी वेळेनुसार २०:३०, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, २ वाजता. क्रॉन काम सुरू करतो तो वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून. आणि होम फोल्डरमध्ये पहिल्या उभारणीच्या वेळची एक जुनी ‘डॉट ईएनव्ही’ पडून होती. तिच्यात खऱ्या डेटाबेसचं नाव होतं.

स्क्रिप्टने ‘बुकिंग’ टेबलवर अट नसलेला ‘डिलीट’ चालवला. पुढची पायरी झाकलेली प्रत भरण्याची होती. तिचाही मार्ग सापेक्ष, म्हणजे चालू फोल्डरपासून धरलेला, होता, त्यामुळे होम फोल्डरमध्ये ती फाइल सापडली नाही आणि स्क्रिप्ट तिथेच थांबली. ती सापडली असती तर खऱ्या टेबलांवर ‘ड्रॉप टेबल’ होऊन त्यांच्या जागी खोट्या नावांची जुनी टेबलं बसली असती आणि शोध फार अवघड झाला असता.

चूक झाल्याचा संदेश कोणालाच गेला नाही. क्रॉन आपलं आउटपुट मेलने पाठवतो. सर्व्हरवर मेल पाठवणारा प्रोग्रामच नव्हता. उबंटूवर अशा वेळी सिसलॉगमध्ये ‘एमटीए नाही, आउटपुट टाकून दिलं’ अशा अर्थाची एक ओळ पडते. ती तिथे होती. क्रॉनवर काम करणाऱ्या कोणत्याही सर्व्हरवर ही ओळ एकदा शोधून पाहावी. ती दिसली तर त्या सर्व्हरवरची प्रत्येक क्रॉन-तक्रार हवेत जाते आहे असं समजावं.

बॅकअप उघडले तेव्हा

रोज रात्री बॅकअप होत होता. फोल्डरमध्ये शेवटच्या चौदा दिवसांच्या चौदा फाइली, तारखेसकट, ओळीने. प्रत्येकीचा आकार २० बाइट.

२० बाइट ही रिकाम्या इनपुटच्या जीझिप (दाबून लहान केलेल्या) फाइलची लांबी आहे: दहा बाइटचं शीर्ष, दोन बाइटचा रिकामा ब्लॉक आणि आठ बाइटची शेपटी. स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलडंपचं आउटपुट (डंप, म्हणजे डेटाबेसची मजकूर-रूपातली प्रत) पाइपने थेट जीझिपला दिलं होतं. साधारण सहा आठवड्यांपूर्वी बॅकअप-वापरकर्त्याचा पासवर्ड बदलला गेला आणि स्क्रिप्टच्या फाइलमध्ये जुनाच राहिला. डंप लगेच नापास व्हायचा, त्याची तक्रार ‘डेव्ह नल’मध्ये जायची, आणि जीझिप मिळालेल्या शून्य बाइटांची नीटनेटकी फाइल करून यशाचा कोड परत द्यायचा. बॅशमध्ये पाइपलाइनचा निकाल शेवटच्या आदेशाचा निकाल धरला जातो, त्यामुळे ‘सेट -ई’ असतानाही स्क्रिप्टला काही बिघडल्याचं कळलं नसतं.

आणि शेवटची ओळ ‘फाइंड’ने चौदा दिवसांहून जुन्या फाइली पुसत होती. नवीन बॅकअप चांगला आहे की नाही हे न पाहता जुने काढले जात होते. पासवर्ड बदलल्यानंतर दोन आठवड्यांत शेवटचा खरा बॅकअपही गेला. पाइपलाइनची चूक फार लोकांना माहीत असते. ती या पुसण्याच्या ओळीशी जोडली गेली की काय होतं, तिकडे मात्र दुर्लक्ष होतं. पहिली चूक बॅकअप थांबवते, दुसरी आधीचे नष्ट करते.

भाड्याच्या सर्व्हरचे स्नॅपशॉट (पूर्ण डिस्कच्या त्या त्या क्षणाच्या प्रती) चालू केलेले नव्हते. म्हणजे बॅकअप या नावाचं काहीच उरलं नव्हतं.

पहिला तास

तंत्रज्ञाने पहिल्या तासात तीन गोष्टी केल्या. त्यांचा क्रम मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे.

लिहिणं थांबवलं. संपूर्ण संकेतस्थळ बंद करायचं की फक्त बुकिंग, हा निर्णय होता. दर्शनाच्या वेळा, जत्रेची माहिती ही पानं लोकांना हवीच होती, म्हणून बुकिंगचा अर्ज तेवढा काढला. पण अर्ज काढून लिहिणं थांबत नाही: पेमेंट गेटवेची सूचना उशिरा येऊनही डेटाबेसमध्ये लिहिते. म्हणून अ‍ॅप्लिकेशनच्या डेटाबेस-वापरकर्त्याकडून ओळी घालण्याचे, बदलण्याचे आणि पुसण्याचे अधिकार काढून घेतले. सूचना स्वीकारणाऱ्या पानाने तोवर ५०३ (‘सेवा तात्पुरती बंद’चा कोड) द्यावा अशी व्यवस्था केली. यशाचं उत्तर मिळेपर्यंत गेटवेने ती सूचना पुन्हा पाठवावी यासाठी.

मायएसक्यूएल रीस्टार्ट केलं नाही. कारकुनाने आणि डेव्हलपरनेही ‘एकदा बंद करून चालू करून बघू’ असं सुचवलं होतं. मायएसक्यूएल ८.०मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची क्रमवार नोंदवही) मूळचाच चालू असतो आणि मुदत मूळची २५,९२,००० सेकंद, म्हणजे ३० दिवस. मुदत संपलेल्या लॉग-फाइली पुसण्याचं काम होतं ते सर्व्हर सुरू होताना आणि लॉग फ्लश होताना. म्हणून रीस्टार्ट म्हणजे जुन्या टोकाच्या फाइली घालवण्याची संधी. तंत्रज्ञाने आधी ती मुदत शून्यावर आणली (शून्य म्हणजे कधीच आपोआप पुसू नको) आणि कॉन्फिग फाइलमध्येही तसं लिहिलं.

लॉग-फाइलींची प्रत दुसऱ्या यंत्रावर घेतली. आरसिंकने सगळ्या बायनरी लॉग-फाइली आणि त्यांची अनुक्रमणिका लॅपटॉपवर आणल्या, चेकसम जुळवले आणि पुढचं सगळं काम प्रतीवर केलं. एकूण दोन गिगाबाइटच्या आत होतं.

पर्याय कोणते होते

कागद आणि ईमेल यांवरून पुन्हा नोंदी करणं. कार्यालयात पावती-पुस्तकं होती, प्रत्येक ऑनलाइन बुकिंगचा ईमेल गेलेला होता, गेटवेचा अहवाल मिळत होता. सुमारे पाच हजार ओळी, त्यातल्या जत्रेच्या आधी लागणाऱ्या काही शे. हा मार्ग खात्रीचा, पण चार माणसांना आठवडा लागला असता आणि सेवांचे बारकावे ईमेलमध्ये नव्हते. समितीच्या खजिनदारांनी जत्रेच्या आठवड्यापुरता तो राखीव ठेवायला सांगितलं. बुधवारपर्यंत काही हाती लागलं नाही तर तो सुरू करायचा होता. अशी मुदत बाहेरून ठरवून घेणं फार उपयोगाचं असतं. तांत्रिक माणूस स्वतःहून शोध थांबवत नाही.

डिस्कवरून इनोडीबीच्या (मायएसक्यूएलचा टेबलं साठवणारा भाग) पुसलेल्या ओळी खणणं. त्यासाठी सर्व्हर तत्काळ थांबवून डिस्कची प्रतिमा घ्यावी लागते, आणि पुसलेल्या ओळींची जागा साफसफाई करणारा पर्ज थ्रेड मोकळी करत राहतो. सात तास उलटले होते. बायनरी लॉग हाताशी असताना हा मार्ग घेण्यात अर्थ नव्हता.

झाकलेली प्रत. डेव्हलपरकडे चोवीस दिवसांपूर्वीचा डंप होता. नावं-फोन खोटे, पण ‘सेवा’ आणि ‘भरणा’ या टेबलांत वैयक्तिक माहिती नसल्यामुळे ती जशीच्या तशी होती.

बायनरी लॉग. मायएसक्यूएल ८.०मध्ये लॉग ओळनिहाय असतो आणि प्रत्येक बदललेल्या ओळीची पूर्ण प्रतिमा मूळ मांडणीतच नोंदली जाते. म्हणजे ‘डिलीट’ झालेली प्रत्येक ओळ, सर्व स्तंभांसकट, त्या घटनेत लिहिलेली असते. ‘ट्रंकेट’ (अख्खं टेबल एकदम रिकामं करणारा आदेश) वापरला असता तर लॉगमध्ये फक्त तो एक आदेश उरला असता. डेव्हलपरने ‘ट्रंकेट’ टाळला तो सावधपणाने नव्हे: फॉरेन कीने जोडलेलं टेबल मायएसक्यूएल ट्रंकेट करू देत नाही, म्हणून तिला ‘डिलीट’ लिहावा लागला होता.

तंत्रज्ञाने आधी फक्त लॉगवर जायचं ठरवलं. तासाभरात अडचण समोर आली. ‘बुकिंग’च्या पुसलेल्या ओळी लॉगमध्ये सापडल्या, ‘सेवा’ आणि ‘भरणा’ यांची एकही नाही. कॅस्केडने होणारं पुसणं इनोडीबी आतल्या आत करतं आणि मायएसक्यूएल ८.०मध्ये ते बायनरी लॉगमध्ये लिहिलंच जात नाही. ही गोष्ट दस्तऐवजात आहे; पण जोपर्यंत अशी वेळ येत नाही तोवर ती कोणी वाचत नाही.

म्हणून दोन्ही मार्ग जोडले. ‘बुकिंग’ थेट पुसण्याच्या घटनेतून काढायचं, कारण तिथे खरी नावं आहेत. ‘सेवा’ आणि ‘भरणा’ झाकलेल्या डंपवर चोवीस दिवसांचा लॉग पुन्हा चालवून मिळवायचे.

‘बुकिंग’ परत आणताना

मायएसक्यूएलबिनलॉगला ओळी वाचनीय करून दाखवायला सांगितलं की प्रत्येक पुसलेली ओळ तीन हॅश-चिन्हांनी सुरू होणाऱ्या मजकुरात येते: आधी टेबलाचं नाव, मग ‘@१’, ‘@२’ अशा क्रमांकांनी स्तंभांची मूल्यं. ऑक या मजकूर हाताळणाऱ्या साधनाची वीसेक ओळींची स्क्रिप्ट हे वाचून ‘इन्सर्ट’ लिहू शकते. ती लिहिताना पुढच्या ठिकाणी माणसं अडकतात.

वेळ. सुरुवातीची आणि शेवटची वेळ हा आदेश ज्या यंत्रावर चालवतो त्या यंत्राच्या वेळ-विभागात समजून घेतो. सर्व्हर यूटीसीवर आणि लॅपटॉप भारतीय वेळेवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि घटना ‘सापडत नाही’. आदेशाच्या आधी ‘टीझेड’ व्हेरिएबल यूटीसी करून चालवलं की प्रश्न मिटतो.

एकच डिलीट, अनेक घटना. मोठा डिलीट लॉगमध्ये सुमारे ८ किलोबाइटच्या तुकड्यांत पडतो. पहिली घटना सापडली म्हणून तेवढीच काढली तर थोड्याच ओळी मिळतात. ‘बिगिन’पासून ‘कमिट’पर्यंत सगळं घ्यायचं.

टिप्पण्या. ‘-व्हीव्ही’ दिलं तर प्रत्येक मूल्यापुढे प्रकाराची टिप्पणी येते. स्तंभांचे प्रकार समजायला ती छान, पण ती ऑकने कापताना पत्त्यात तशीच चिन्हं असली तर मूल्यही कापलं जातं. वाचायला ‘-व्हीव्ही’, रूपांतराला ‘-व्ही’.

मूल्यांची रूपं. ‘टाइमस्टॅम्प’ स्तंभ युनिक्स सेकंदांत येतो, तो ‘फ्रॉम_युनिक्सटाइम’मधून घालावा लागतो, ‘डेटटाइम’ मात्र वाचनीय येतो. ‘एनम’ (ठरावीक शब्दांतून एक निवडायच्या) स्तंभाचा फक्त क्रमांक येतो. तो अवतरणाशिवाय घातला तर मायएसक्यूएल बरोबर समजतं, अवतरणात घातला तर शब्द समजण्याचा धोका. ऋण पूर्णांकापुढे कंसात दुसरा मोठा आकडा दिसतो, तो काढून टाकायचा.

नवी ओळ. पत्त्याच्या चौकटीत लोक एंटर मारतात. ते चिन्ह मजकुरात तिरपी रेघ, एक्स आणि सोळाधारी दोन अक्षरं असं येतं. मायएसक्यूएलच्या अक्षरमालेत असा संकेत नाही, त्यामुळे तसंच घातलं तर पत्त्यात ‘एक्स०ए’ अशी अक्षरं उरतात. घालण्याआधी ते नव्या ओळीच्या नेहमीच्या संकेतात बदललं.

देवनागरी. नावं देवनागरीत होती. घालताना क्लायंटचं कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असं उघड लिहिलं. हे न करता घातलेली नावं प्रश्नचिन्हं किंवा परकी अक्षरं होऊन बसतात, आणि आकडे जुळत असल्यामुळे ते ताबडतोब लक्षात येत नाही.

हे सगळं थेट खऱ्या टेबलात घातलं नाही. लॅपटॉपवर त्याच आवृत्तीचं मायएसक्यूएल उभं करून तिथल्या रिकाम्या टेबलात भरलं आणि डोळ्यांनी पाहिलं. मायएसक्यूएलची भावंड असलेली मारियाडीबी असती तर तिच्या बिनलॉग-साधनातला ‘फ्लॅशबॅक’ पर्याय हे उलटं रूपांतर स्वतःच करतो. तो पर्याय १०.२.४पासून आहे, पण मायएसक्यूएलच्या साधनात नाही.

‘सेवा’ आणि ‘भरणा’

दुसऱ्या मार्गाची अडचण आरंभबिंदूची होती. डंप घेताना ‘सोर्स-डेटा’ हा पर्याय दिलेला नव्हता, त्यामुळे डंप लॉगच्या कुठल्या स्थानावरचा आहे हे फाइलमध्ये नोंदलेलं नव्हतं. फाइलच्या शेवटच्या ओळीत डंप पूर्ण झाल्याची वेळ असते. पण ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’मध्ये आतला डेटा सुरुवातीच्या क्षणाचा असतो, शेवटच्या नव्हे.

थोडं उशिरापासून सुरू केलं तर मधले बदल हरवतात. थोडं आधीपासून केलं तर आधीच असलेल्या ओळी पुन्हा घालताना की-दुबार म्हणून काम थांबतं. तंत्रज्ञाने डंपच्या वेळेच्या तासभर आधीपासून सुरुवात केली आणि मायएसक्यूएलबिनलॉगला ‘आयडेम्पोटंट’ पर्याय दिला. त्यात दुबार की किंवा न सापडलेली ओळ ही चूक मानली जात नाही. पूर्ण प्रतिमा असल्यामुळे शेवटी ओळ शेवटच्या रूपात येऊन थांबते. टेबलांना प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळखखूण) होती म्हणून हे शक्य झालं. ‘बुकिंग’मधली नावं खोटी असली तरी ओळ शोधली जाते ती कीवरून.

शेवट वेळेवर न ठेवता स्थानावर ठेवला: पुसण्याचा व्यवहार जिथे सुरू होतो त्याच्या आधीचं स्थान. सेकंद ही फार जाड मोजपट्टी आहे. सगळ्या लॉग-फाइली एकाच आदेशात क्रमाने दिल्या. तेव्हा आरंभाची अट पहिल्या फाइलीला आणि शेवटचं स्थान फक्त शेवटच्या फाइलीला लागू होतं, म्हणून पुसण्याचा व्यवहार असलेली फाइल शेवटची हवी. लॅपटॉपवरच्या मायएसक्यूएलचा स्वतःचा बायनरी लॉग बंद ठेवला. वेळ जेमतेम अर्धा तास लागला.

इथे एक फायदा आपसूक मिळाला. पुन्हा चालवलेल्या डेटाबेसमध्येही ‘बुकिंग’ होतं, वेगळ्या मार्गाने आलेलं. दोन्हींतली ओळींची संख्या जुळली, प्रायमरी की जुळल्या, तारखा आणि खोल्या जुळल्या. फक्त झाकलेले स्तंभ वेगळे. दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आल्यावरच तंत्रज्ञाने पुढे जायचं ठरवलं. तिसरी तपासणी कार्यालयाने केली: गेटवेच्या अहवालातल्या रकमा आणि ‘भरणा’ यांची महिनावार बेरीज. दोन व्यवहार अहवालात जास्त निघाले. ते बंद काळात आलेले, ५०३ मिळून थांबलेले होते आणि नंतर स्वतःच आले.

खऱ्या डेटाबेसमध्ये भरणं

मंगळवारी रात्री, आधी आहे त्या स्थितीचा डंप घेऊन आणि तो उघडून पाहून, एका व्यवहारात आधी ‘बुकिंग’ आणि मग बाकी दोन टेबलं भरली. पहाटेपासून सकाळपर्यंतच्या नव्या बुकिंगांशी क्रमांक आपटले नाहीत: ‘डिलीट’ने ऑटो-इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा) आकडा मागे जात नाही.

खोल्या मात्र आपटल्या. एकाच तारखेला एकाच खोलीवर दोन बुकिंग शोधणारी क्वेरी चालवली तेव्हा पाच कुटुंबं निघाली. संगणकाने सोडवण्याचा हा प्रश्न नव्हता. खजिनदारांनी नियम ठरवला: आधी नोंदवलेल्यांची खोली कायम, नंतरच्यांना कारकुनाने स्वतः फोन करायचा, पूर्ण परतावा द्यायचा किंवा जवळच्या दुसऱ्या देवस्थानाच्या अग्रशाळेत सोय करून द्यायची. फोंडा परिसरात देवळं जवळजवळ असल्यामुळे ते जमलं. तिघांनी दुसरी जागा घेतली, दोघांनी पैसे परत घेतले. बुकिंग बुधवारी दुपारी पुन्हा उघडलं. नोंद म्हणून हरवलेलं काही राहिलं नाही.

नंतर काय बदललं

बॅकअपची स्क्रिप्ट नव्याने लिहिली. सुरुवातीला ‘सेट -ईयू’ आणि ‘पाइपफेल’ (पाइपमधला कोणताही आदेश नापास झाला तर पूर्ण पाइप नापास). दोन प्रती एकदम चालू नयेत म्हणून एफलॉक. पासवर्ड आदेशात न लिहिता ६०० अधिकारांच्या फाइलमध्ये. डंपला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’, ‘सोर्स-डेटा=२’, रूटीन आणि इव्हेंट. ‘सोर्स-डेटा’ला बॅकअप-वापरकर्त्याकडे रीलोड आणि रेप्लिकेशन क्लायंट हे अधिकार लागतात, आणि ८.०.२१पासून टेबलस्पेसच्या माहितीसाठी प्रोसेस अधिकार लागतो, तो द्यायचा नसेल तर ‘नो-टेबलस्पेसेस’ लिहावं.

डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहिला जातो. मग तपासणी. इथे ‘जीझिप -टी’वर विसंबून चालत नाही: २० बाइटची रिकामी फाइलही ती परीक्षा पास होते, कारण जीझिप म्हणून तिच्यात काही खोट नाही. म्हणून फाइल उलगडून शेवटच्या ओळीत डंप पूर्ण झाल्याचं वाक्य आहे का ते पाहायचं, आणि आकार कालच्याच्या निम्म्याहून कमी असेल तर थांबायचं. दोन्ही जमलं तरच फाइलला खरं नाव. जुन्या फाइली काढायच्या त्या यानंतरच, आणि दिवसांवरून नव्हे तर संख्येवरून: शेवटच्या चौदा चांगल्या प्रती ठेवायच्या. बॅकअप महिनाभर बंद पडला तरी चौदा प्रती राहतात.

एक प्रत दुसऱ्या खात्यातल्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर जाते. सर्व्हरच्या किल्लीला तिथे लिहिता येतं, पुसता येत नाही. शेवटची ओळ बाहेरच्या एका देखरेख-पत्त्याला हाक मारते. ठरल्या वेळेत हाक आली नाही की तंत्रज्ञ आणि कारकून दोघांच्या फोनवर संदेश जातो. बिघाड झाल्यावर संदेश पाठवणाऱ्या व्यवस्थेपेक्षा ही चांगली, कारण सर्व्हरच बंद असेल तर बिघाडाचा संदेश पाठवणार कोण?

दर रविवारी ताजा बॅकअप वेगळ्या यंत्रावर भरून तीनच प्रश्न विचारले जातात: तिन्ही टेबलांत किती ओळी, सर्वांत नवं बुकिंग कधीचं, आणि एका ठरावीक यजमानाचं देवनागरी नाव नीट दिसतं का.

चाचणीची स्क्रिप्ट आता आपली जागा स्वतःच्या फाइलवरून ओळखते, डेटाबेसच्या नावाच्या शेवटी ‘चाचणी’ नसेल तर थांबते, आणि मायएसक्यूएल क्लायंट ‘सेफ-अपडेट्स’सह चालवते, त्यात की किंवा मर्यादा नसलेला ‘डिलीट’ नाकारला जातो, म्हणून पुसण्याचा आदेशही नव्याने लिहावा लागला. यांतला खरा आधार मात्र वेगळाच आहे: चाचणीसाठी स्वतंत्र डेटाबेस-वापरकर्ता, ज्याला खऱ्या डेटाबेसवर कसलाच अधिकार नाही. बाकीच्या तपासण्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या सावधपणावर चालतात. हा अधिकार नसला तर स्क्रिप्ट कितीही चुकीची असो, सर्व्हर तिला आत घेत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

लिहिणं थांबवायला सकाळ उजाडली. बुकिंगांची संख्या अचानक शून्याजवळ गेली हे पाहणारी, दर पाच मिनिटांनी चालणारी एक क्रॉन-क्वेरी असती तर पाच कुटुंबांना फोन करावे लागले नसते. ती आता आहे: येत्या तीस दिवसांची बुकिंग आदल्या तासापेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक घटली तर अर्ज स्वतःच बंद होतो.

पासवर्ड बदलताना तो कुठे कुठे वापरला आहे याची यादी नव्हती. आता ती यादी कॉन्फिगच्या गिट-भांडारात आहे, आणि पासवर्ड बदलला की त्याच बैठकीत बॅकअप हाताने चालवून त्याची फाइल उघडायची, असं करारातच लिहिलं आहे.

सर्वांत जास्त चर्चा कॅस्केडवर झाली. डेव्हलपरचं म्हणणं, रद्द झालेली तात्पुरती बुकिंग साफ करताना कॅस्केड सोयीचा आहे. तंत्रज्ञाचं म्हणणं, ‘भरणा’ हे हिशेबाचं टेबल आहे आणि हिशेबाची ओळ दुसरीकडच्या पुसण्याने कधीच जाऊ नये. शेवटी दोन्ही फॉरेन की ‘रिस्ट्रिक्ट’ केल्या, म्हणजे खालच्या ओळी असतील तर बुकिंग पुसताच येत नाही. तात्पुरती बुकिंग साफ करणारा कोड आता आधी ‘सेवा’च्या ओळी काढतो, ज्या बुकिंगला ‘भरणा’ची ओळ आहे तिला हातच लावत नाही, आणि हे सगळं बायनरी लॉगमध्ये ओळीने नोंदलं जातं. त्या पहाटे फॉरेन की ‘रिस्ट्रिक्ट’ असती, तर तो ‘डिलीट’ पहिल्याच सशुल्क बुकिंगपाशी चूक क्रमांक १४५१ देऊन पूर्ण मागे फिरला असता.